लाल टेप, काळी टेप

साहेब, काल वर्कशॉपचं शटर उघडलं. तुम्ही गेल्यापासून बारा दिवस ते खालीच होतं. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात दुकान बारा दिवस बंद दिसलं की शेजारीपाजारी धरून चालतात, मालक एकतर देवाघरी गेला नाहीतर दुबईला. समोरच्या चहावाल्याने मला विचारलंसुद्धा, "गुप्ते साब बाहर गये क्या?" मी हो म्हणालो. आत वार्निशचा वास कोंडून राहिला होता. पंखा लावला आणि तुमच्या खुर्चीत न बसता बाकावर बसलो, सवयीने.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण काय, अंबरनाथच्या फॅक्टरीतली ऑफिसरकी सोडून तुम्ही रेक्टिफायर बनवायच्या भानगडीत का पडलात, हे सगळं शोकसभेत लोकांनी सांगितलं. चांगलं बोलले. मला दोनदा बोलायला उठवलं, मी उठलो नाही. लोकांना वाटलं जनार्दनला भरून आलंय. भरून आलं होतंच, पण कारण तेवढंच नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी अंबरनाथला होतूभाईंच्या कारखान्यात त्या मशीनची टेप मी बदलली होती. चूक तुमची नव्हती, माझी होती. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचं काही लिहवणार नाही. आणि काल संध्याकाळी तुमच्या घरी काकूंकडे जाऊन आलो, तेही सांगायचंय. पण ते शेवटी. तेवढी हिंमत गोळा होईपर्यंत जरा जुन्या गोष्टी बोलू.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा आयटीआयचा कागद हातात होता आणि डोक्यात हवा. डायोड म्हणजे काय ते पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "बेलवलीला शेती आहे ना तुमची? विहिरीवर पंप आहे? त्याच्या खाली फूटव्हॉल्व्ह कशाला असतो?" मी म्हणालो, पाणी वर चढतं पण परत खाली उतरू नये म्हणून. "झालं तर मग," तुम्ही म्हणालात, "हाच डायोड. करंटला एकीकडून जाऊ देतो, उलटा आला की दार बंद." मग टॉर्चचा सेल, छोटा दिवा आणि एक डायोड घेऊन तुम्ही दाखवलंत. एका बाजूने धरला तर दिवा लागला, फिरवून धरला तर नाही. मी वीस वेळा फिरवून बघितलं. घरी जाऊन बाबांना सांगितलं तर ते भात मळता मळता म्हणाले, "मंग त्यान काय मोठं? आपले पंपान पन हाय त्ये." हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही इतके खूश झालात की आठवडाभर येईल त्याला माझ्या बाबांचं वाक्य ऐकवत होतात.

ब्रिज शिकवतानाही तसंच. घरातली लाइट सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे करते. प्लेटिंगच्या, म्हणजे मुलामा चढवायच्या टाकीला मात्र एकाच दिशेचा करंट लागतो, कारण निकेल एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूच्या मालावर बसायचं असतं. करंटच मागेपुढे करायला लागला तर निकेल बसणार कुठे? म्हणून चार डायोडचा हा ब्रिज. करंट पुढे आला की दोघं कामाला, दोघं आरामाला. मागे फिरला की पाळी बदलते. बाहेर मात्र सरळच जातो, हाच आपला रेक्टिफायर. तीन फेज असेल तर सहा डायोड, म्हणजे आणखी सलग. तुम्ही एकदा जळलेला डायोड व्हाइसमध्ये धरून फोडून दाखवलात. बाहेरून केवढा दणकट, खाली नटबोल्टचा आटा, वर जाड वायर, आणि आत शर्टाच्या बटणाएवढी पातळ चकती. "एवढीशी आहे," तुम्ही म्हणालात, "पण हिला गरम होऊ द्यायचं नाही. प्रत्येक डायोड करंटकडून थोडंसं खातो आणि तेवढा तापतो. उष्णता ओढून घ्यायला या अॅल्युमिनियमच्या पाकळ्या आणि फॅन, हिच्यासाठी." तुम्ही सिलिकॉनच्या चकतीला नेहमी 'ही' म्हणायचात, जशी काही घरातली लेक.

आणि टेप. मशीन पूर्ण झालं, तपासलं, पत्रा बंद केला की मागच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांना टेप गुंडाळायचं काम तुमचं. पॉझिटिव्हला लाल, निगेटिव्हला काळी. बाकी काय वाटेल ते कोणीही करा, वाइंडिंग करा, सोल्डर करा, पण टेप साहेब लावणार. हात धुऊन, शर्टाची बाही वर करून, एकही सुरकुती न ठेवता तीन वेढे. नवरीला मुंडावळ्या बांधाव्यात तसे बांधायचात. टेप लागली की मशीन आपलं राहिलं नाही, गिऱ्हाइकाचं झालं. गिऱ्हाईक ना मीटर लावणार ना पुस्तक वाचणार, रंग बघून केबल जोडणार. तुम्ही म्हणायचात, "ही टेप म्हणजे आपली जबान आहे."

होतूभाईंकडे मी पहिल्यांदा एकटा मशीन घेऊन गेलो होतो. पाचशे अँपिअरचं, बारा व्होल्टचं. टाकीवरून आलेल्या दोन केबली, दोन्ही काळ्या, दोन्ही तेलकट. कुठली निकेलच्या प्लेटांकडे जाते आणि कुठली माल टांगायच्या दांडीकडे, हे हाताने धरून शेवटपर्यंत बघायचं असतं. तुम्ही दहादा सांगितलं होतंत. मी बघितलं नाही. एकटा आलो होतो ना, ऐटीत होतो. जोडलं, सुरू केलं आणि होतूभाईंबरोबर त्यांच्या केबिनमध्ये चहा प्यायला बसलो. वीस मिनिटांनी त्यांचा माणूस धावत आला. टाकीत टांगलेले पितळी नळ चकचकीत व्हायच्या ऐवजी खरबरीत, खड्डे पडलेले. निकेल बसायच्या ऐवजी पितळच सुटून टाकीत उतरत होतं. होतूभाई डोक्याला हात लावून ओरडले, "अरे साईं, ये क्या कर दिया! पूरी टाकी खराब!" आणि तुम्हाला फोन करायला आत धावले.

मी मशीनजवळ एकटा होतो. मशीन बंद केलं. केबलींची अदलाबदल झाली हे मला कळलं होतं, नजर टाकताक्षणी. मग साहेब, मी जे केलं ते कोणी करायला सांगितलं नव्हतं. तुमची लाल टेप सोडवली, काळी टेप सोडवली, आणि उलटसुलट गुंडाळली. केबलींना हात लावला नाही. मिनिटभराचं काम. आता बघणाऱ्याला दिसत होतं की जनार्दनने रंग बघून बरोबर जोडलंय, टेपच उलटी आहे. मला पुन्हा वाइंडिंगच्या बाकावर बसवतील, पोरगी बघायला गेलो होतो तिथे कळेल, असलं काहीतरी डोक्यात होतं. खरं सांगायचं तर काहीच नव्हतं डोक्यात. घाबरलो होतो.

तुम्ही स्कूटरवरून आलात. मीटर लावलात. काळ्या टेपच्या पट्टीवर पॉझिटिव्ह. पुन्हा लावलात. मी मागे उभा राहून म्हणालो, "साहेब, मी रंग बघूनच जोडलं." तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाहीत. टेपकडे बघत राहिलात आणि होतूभाईंना म्हणालात, "चूक माझ्या हातची आहे. टेप मी लावलीय." टेपवर सुरकुत्या होत्या, साहेब. तीन वेढ्यांऐवजी दोनच होते. तुमचं लक्ष कसं गेलं नाही, की गेलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी अठरा वर्षं त्या सुरकुत्यांचा विचार केलाय.

त्यानंतर चार दिवस तुम्ही होतूभाईंच्या टाकीपाशी बसलात. पन्हाळी पत्र्याचे तुकडे टांगून, अगदी कमी करंटवर, पितळातून टाकीत उतरलेलं तांबं त्या पत्र्यांवर ओढून काढत. मी डबा घेऊन यायचो. तुम्ही पोळी खाता खाता एकदम थांबायचात आणि स्वतःशीच म्हणायचात, "मला तर लालच दिसली होती." चौथ्या दिवशी टाकी साफ झाली. होतूभाई मनाने मोठा माणूस, पुढचं मशीनही आपल्याकडूनच घेतलं.

पुढच्या मशीनच्या वेळी टेपची दोन्ही भेंडोळी तुम्ही माझ्या हातात दिलीत. "आजपासून टेप तू लावायची." सगळ्यांना वाटलं माझी बढती झाली. आईने देवापुढे साखर ठेवली. मी काय म्हणणार होतो?

आणि मग तो बटाटा आला. घरून रोज एक बटाटा खिशात घालून आणायचात. मशीन तयार झालं की बटाटा अर्धा कापायचा, मशीनच्या दोन पट्ट्यांना दोन तांब्याच्या तारा बांधून त्यांची टोकं बटाट्यात खुपसायची, थोडा व्होल्टेज द्यायचा आणि वाट बघायची. ज्या तारेभोवती डाग पडला ती पॉझिटिव्ह. त्या पट्टीवर कानशीने एक खाच मारायची आणि मला हाक मारायची, "जनार्दन, खाचेला लाल." टेबलावर तीन तीन मीटर पडलेले आणि आमचे साहेब बटाट्याला विचारतायत! मी सगळ्यात जास्त हसलो असेन. गिऱ्हाइकाचा फोन आला की म्हणायचो, साहेबांची भाजी झाली की मशीन पाठवतो. तुमच्या तोंडावरसुद्धा म्हणायचो. आपला तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही. "मीटरच्या वायरी अदलाबदल होतात," तुम्ही म्हणायचात, "बटाट्याला असली काही अडचण नसते." मी म्हणायचो, साहेब, मीटरची एक वायर लाल आणि एक काळी असते, अदलाबदल कशी होईल? तुम्ही गप्प बसायचात. मला वाटायचं, जिंकलो.

स्कूटरही तुम्ही त्याच सुमारास सोडलीत. पाठ दुखते म्हणालात. तुम्ही कुळगावला, मी स्टेशनच्या पलीकडे बेलवलीला, मग मीच तुम्हाला मोटारसायकलवर मागे घेऊन जायला लागलो. बदलापूर ते अंबरनाथ, अंबरनाथ ते उल्हासनगर आणि संध्याकाळी परत. अठरा वर्षं. साहेब, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले तास कुठले असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. लग्न ठरल्याचं तुम्हाला तिथेच सांगितलं, मुलीचं नाव तिथेच ठरलं. रस्त्याने जाता जाता तुमचा खेळ चालायचा. "त्या दुकानात रेक्टिफायर किती, सांग." मी म्हणायचो, मोबाइलचं दुकान आहे, शंभर चार्जर असतील तर शंभर. "आणि वरचे दिवे? एलईडी आहेत, त्यांच्या पोटात कोण आहे?" ई-रिक्षांचं चार्जिंग, वेल्डिंगवाला, सोसायटीचा इन्व्हर्टर, शेजारून जाणाऱ्या रिक्षाची बॅटरी, सगळीकडे तुम्हाला आपलीच माणसं दिसायची. "लाइट येते ती उलटसुलट," तुम्ही म्हणायचात, "आणि माणसाला सगळं सरळ हवं असतं. म्हणून आपलं पोट चालतं." सिग्नलला थांबलो की मागून विचारायचात, "सुटला का रे?" मी चिडवायचो, माझ्या खांद्यावरून दिसतो की साहेब, एवढा काही मी जाड झालेलो नाही.

एकदाच तुम्ही विचारलंत. अंबरनाथच्या एमआयडीसीच्या फाट्यावर ट्रक आडवा झाला होता, आपण गाडी बंद करून उभे होतो. तुम्ही मागून हळूच म्हणालात, "जनार्दन, त्या होतूभाईंच्या मशीनला मी टेप लावत होतो तेव्हा तू समोर होतास ना? लाल टेप कुठे होती रे? बरोबर होती ना?"

मी म्हणालो, "लक्षात नाही, साहेब."

तुम्ही "बरं" म्हणालात. ट्रक हलला. त्यानंतर तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कधी बोललो नाही. सुरुवातीला भीतीने, मग लाजेने, आणि पुढे पुढे तर असं वाटायला लागलं की एवढी जुनी गोष्ट, साहेब कधीच विसरले असतील. स्वतःची समजूत घालायला माणसाला फार अक्कल लागत नाही.

आता काल संध्याकाळचं. काकू एकट्याच होत्या. तेराव्याची भांडी पुसून फळीवर लावत होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसंच, सुरकुत्यांसकट. काकू भांडी पुसत राहिल्या. मला वाटलं ऐकत नाहीयेत. मग हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं.

"ह्यांच्या मामांना रेल्वेने घेतलं नव्हतं, माहितीय तुला?" त्या म्हणाल्या. "रंग दिसत नाहीत म्हणून. ह्यांना वाटलं तेच आलं आपल्यालाही, वयाबरोबर."

त्यांनी पातेलं पुन्हा उचललं.

"त्या होतूभाईच्या प्रकरणानंतर मोजे मला विचारून घालायचे. टोमॅटो हातात घेऊन विचारायचे, पिकलाय का गं? मी म्हणायची, तुम्हाला दिसत नाही का, तर म्हणायचे, दिसतो लालच, पण माझ्या दिसण्यावर काय विसंबायचं? सिग्नल चुकेल म्हणून गाडी सोडली. मी डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागले, तर नको. म्हणायचे, एकदा कागदावर आलं की वर्कशॉप बंद करावं लागेल, असं आहे तोवर बटाट्यावर चालवतो."

साहेब, मी त्या बटाट्याला हसलो होतो. गिऱ्हाइकांना हसवलं होतं. तुम्हाला मीटरच्या वायरीचे रंग ऐकवून मी वाद जिंकला होता. आणि ज्या प्रवासाला मी माझ्या आयुष्यातलं सोनं म्हणतो तो मला कशामुळे मिळाला, हे मला काल त्या स्वयंपाकघरात बसून कळलं. तुम्हाला तेवढी वर्षं मागे बसवून, तुमची विद्या, तुमचे विनोद, तुमची माया, सगळं मी घेत राहिलो. तुम्ही माझ्या पाठीमागे आपल्याच डोळ्यांना भीत बसला होतात. तुमच्याइतकं मला कोणी दिलं नाही आणि तुमच्याइतकं मी कोणाचं बिघडवलं नाही. दोन्ही खरंय. रडू त्यातल्या कशाचं येतंय हेही मला सांगता येत नाही.

मी काकूंना म्हणालो, मला दोन शिव्या द्या. त्यांनी दिल्या नाहीत. पातेलं फळीवर ठेवून त्या ओट्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "हे गेले तेव्हा दवाखान्यात एक मुलगी आली होती. फॉर्म घेऊन. नेत्रदानाचा. तू खाली गाडीचं बघायला गेला होतास. फार नीट बोलत होती बिचारी, दोन माणसांना दिसायला लागेल म्हणाली. मी नाही म्हटलं."

"का, काकू?"

"ह्यांनीच सांगून ठेवलेलं. बाकी काय हवं ते द्या, डोळे द्यायचे नाहीत. आपल्याकडचा बिघडलेला माल दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही, म्हणाले." त्यांनी पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला. "मी रंगाचं सांगितलं तर ती मुलगी म्हणत होती, चालतात हो, फक्त पुढचा पारदर्शक पडदा घेतात, रंगाचं त्यात काही नसतं. मी म्हटलं, नको बाई. त्यांची इच्छा."

बाहेर कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. काकू माझ्यासमोर येऊन खाली बसल्या, अगदी माझ्या तोंडासमोर, आणि त्यांनी विचारलं, "म्हणजे ह्यांचे डोळे चांगले होते?"

मी मान हलवली.

"मान नको हलवूस. अठरा वर्षं तेच केलंस. तोंडाने बोल."

"चांगले होते, काकू," मी म्हणालो. "साहेबांना सगळं बरोबर दिसत होतं."